सहाशेचाळीसचे बिऱ्हाड

कला शाखेच्या वार्षिकात संगणकाच्या मेमरीवर लेख कशाला, असे संपादक-मंडळाने मला विचारले, आणि प्रश्न रास्त होता. मी मराठीचा विद्यार्थी. आज शिकवतो तेही मराठीच. यंत्रविद्येचे शिक्षण मला नाही. परंतु २००९ साली मी तृतीय वर्षात असताना आमच्या विभागाच्या सत्तेचाळीस मुलाखती एका अशा अडचणीपायी हातच्या जाण्याची वेळ आली होती, की ती सोडविताना मला मेमरी म्हणजे काय हे शिकावे लागले. जे शिकलो ते चाळीत वाढलेल्या माणसाला समजायला मुळीच अवघड नाही, अशी माझी खात्री आहे. म्हणून हा लेख.

मुलाखती गिरणी कामगारांच्या होत्या. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, हे इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्यानंतर लालबाग-परळच्या घराघरांत काय झाले ते पुस्तकात नाही. १९९३-९४ मध्ये आमच्या विभागातील मुलामुलींनी कॅसेट-रेकॉर्डर घेऊन ते विचारले, आणि विभागाच्या एकुलत्या एका संगणकावर ते सारे टंकून ठेवले. २००९ पर्यंत निम्म्या कॅसेटींना बुरशी चढली होती. टंकलेला मजकूर मात्र शाबूत होता. पण डॉसवर चालणाऱ्या एका जुन्या मराठी शब्दलेखन-प्रोग्रामच्या खासगी संकेतात. आजच्या संगणकावर ती फाइल उघडली तर पडद्यावर नुसती खडी पसरल्यासारखी चिन्हे दिसत. सुटकेची वाट एकच होती. त्या प्रोग्राममध्ये मजकूर १९९१ च्या भारतीय मानकात, म्हणजे इस्कीत, बाहेर काढण्याची सोय होती. आणि इस्कीतून युनिकोडमध्ये जाणे कठीण नव्हते. मात्र त्यासाठी प्रत्येक फाइल त्याच प्रोग्राममध्ये उघडून, हस्तलिखित टिपणांशी ताडून, तुटलेली जोडाक्षरे सांधून बाहेर काढायला हवी होती. एका मुलाखतीला एक माणूस दोन दिवस बसेल असे काम, आणि जुना संगणक तर चालू करताना कण्हू लागलेला.

सरांनी खटपट करून एका कार्यालयाने मोडीत काढलेले आठ संगणक मिळविले. यंत्रे चांगली होती. प्रत्येकी २५६ एमबी मेमरी. फक्त गोपनीयतेच्या नियमामुळे त्यांच्या हार्ड डिस्क काढून घेतलेल्या होत्या आणि फ्लॉपीचे खण मुळातच नव्हते. म्हणजे आठ डोकी, पण एकालाही काही आठवत नाही. अशा यंत्रांना नेटवर्कवरून चालू करावे लागते.

ते कसे, ते थोडक्यात. यंत्र सुरू होताच नेटवर्क कार्डावरचा छोटा प्रोग्राम तारेवर हाक देतो : मी अमुक कार्ड, मला पत्ता द्या. खोलीतला एक संगणक सर्व्हर म्हणून बसवलेला असतो. तो पत्ता देतो आणि कोणती फाइल उचलायची तेही सांगतो. या पद्धतीला पीएक्सई म्हणतात; तिची २.१ ही आवृत्ती इंटेलने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्या फाइलच्या पाठोपाठ दोन गोष्टी येतात. एक 'मेमडिस्क' नावाचा प्रोग्राम, आणि दुसरी फ्लॉपीची इमेज, म्हणजे चालू होणाऱ्या फ्लॉपीची बाइटला बाइट अशी नक्कल, १४,७४,५६० बाइटांची. मेमडिस्क ही नक्कल मेमरीत दूर कोठेतरी वर नेऊन ठेवतो, आणि ज्या कुणाला फ्लॉपी वाचायची असेल त्याला सांगतो की फ्लॉपी मीच. डॉस बिचारे विश्वास ठेवते.

आमची इमेज आम्ही जुन्या यंत्राच्या चालत्या फ्लॉपीवरूनच काढली होती. त्या फ्लॉपीवर डॉस ६.२२, मेमरी सांभाळणारे दोन ड्रायव्हर, नेटवर्कचे प्रोग्राम, सारे होते. जुन्या यंत्रात ती फ्लॉपी घातली की पाऊण मिनिटात सगळे चालू. तीच फ्लॉपी नेटवर्कवरून आठ यंत्रांना दिली, तर आठही यंत्रे एकाच ओळीवर येऊन थिजली.

आता चाळ. बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, हे नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या लोकांना सांगायला नको. १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर एकूण एक एमबी, म्हणजे १०,४८,५७६ घरे मोजू शकत असे. ही आपली संपूर्ण खोली. त्यातल्या वरच्या ३८४ केबीत पडद्याची मेमरी, कार्डांवरच्या चिपा आणि यंत्राचा स्वतःचा मूळ प्रोग्राम बायोस, यांची जागा राखून ठेवलेली. म्हणजे मोरी, चूल आणि देव्हारा. उरलेल्या ६४० केबीत माणसांनी राहायचे. डॉस, नेटवर्क, ड्रायव्हर, आणि ज्याच्यासाठी हे सारे करायचे तो शब्दलेखनाचा प्रोग्राम, सगळ्यांचे बिऱ्हाड या ६४० मध्ये. पुढे यंत्रांत शेकडो एमबी आले तरी डॉसचे संसार तेवढ्याच खोलीत चालू राहिले; चाळीसमोर टॉवर झाला म्हणून आपली खोली काही मोठी होत नाही.

मग युक्त्या आल्या. पहिली पोटमाळ्याची. मोरी-देव्हाऱ्याच्या ३८४ केबीत सगळीच जागा भरलेली नसते. मधूनमधून कोनाडे रिकामे असतात. त्या कोनाड्यांत ड्रायव्हर चढवून ठेवले की खाली जमीन मोकळी होते. १९८५ नंतरच्या ३८६ प्रोसेसरवर हे काम 'ईएमएम-३८६' हा ड्रायव्हर करतो. दुसरी युक्ती पाळ्यांची. १९८५ मध्येच लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून अशी पद्धत ठरवली, की वरच्या भागात ६४ केबीची एक खिडकी ठेवायची आणि बाहेरच्या मोठ्या मेमरीतले सोळा-सोळा केबीचे तुकडे आळीपाळीने त्या खिडकीत आणायचे. जागा तीच, राहणारे बदलते. आमच्या मुलाखतींतल्या एका निवृत्त जॉबरने सांगितले होते की त्यांच्या गाळ्यात एकाच पथारीवर तीन पाळ्यांची तीन माणसे झोपत, आणि पथारी कधी थंड झाल्याचे त्यांना आठवत नव्हते. मेमरीची ही पद्धत मला जी पक्की समजली ती त्या वाक्यावरून, कुठल्या तांत्रिक पुस्तकावरून नव्हे.

तिसरी गोष्ट दाराची, आणि आमचे घोडे तिथेच अडले होते. मूळ पीसीला पत्ते मोजायला वीस तारा होत्या. शेवटच्या घराच्या पुढचा पत्ता मागितला, तर तो वळसा घालून शून्याकडे येई. जिना चढत वर जावे आणि एकदम तळमजल्यावर निघावे, तसे. गंमत अशी, की काही जुने प्रोग्राम या वळशावरच भिस्त ठेवून होते. १९८४ मध्ये आयबीएमने चोवीस तारांचे यंत्र काढले, तेव्हा ते प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून एकविसाव्या तारेवर एक दार बसवले. मोजणी शून्यापासून करतात, म्हणून तिचे नाव ए-२०. आणि हे दार उघडमीट करण्याचे काम दिले कुणाला? कळफलक सांभाळणाऱ्या चिपला, कारण तिचा एक पाय मोकळा होता! वाडीतल्या पाण्याच्या खोलीची किल्ली पानवाल्याकडे ठेवण्याचाच हा प्रकार. दार उघडले की एक एमबीच्या पलीकडची ६५,५२० बाइटांची एक पडवी डॉसला वापरता येते, आणि त्यापलीकडचे सारे माळरानही. दाराचा हा कारभार 'हायमेम' नावाचा ड्रायव्हर पाहतो.

आमची यंत्रे थिजत होती ती हायमेमच्या ओळीवर.

पहिले दोन दिवस आम्ही हायमेमलाच दोष दिला. तो सुरुवातीला सगळी मेमरी तपासतो. तपासताना लिहितो आणि पुसतो. आमची फ्लॉपीच मेमरीत ठेवलेली, तेव्हा याने तपासता तपासता आमची फ्लॉपी पुसली, असा माझा तर्क. तर्क सुबक होता आणि चुकीचा होता. मेमडिस्क आपली जागा वजा करूनच यंत्राची मेमरी सांगतो, शिवाय या जुन्या हायमेमला ६४ एमबीच्या पुढचे दिसतच नाही. तपासणी बंद करण्याची आज्ञा देऊन पाहिली. यंत्र थिजायचे ते थिजलेच. मग हायमेमच काढून टाकला. यंत्र सुरू झाले! पण डॉस, नेटवर्क वगैरे आत आल्यावर मोकळी राहिली ४४१ केबी, आणि आमच्या शब्दलेखन-प्रोग्रामला किमान ५२० हवी होती. 'पुरेशी मेमरी नाही' एवढे सांगून तो परत जाई. ड्रायव्हर ठेवावे तर यंत्र चालत नाही, काढावे तर प्रोग्राम चालत नाही. फेब्रुवारी निम्मा सरला होता. परीक्षेनंतर खोली दुसऱ्या विभागाला जायची होती.

माझ्या मामांच्या शेजारी, मुगभाटात, एक काका राहत. नव्वदच्या दशकात ते फोर्टमधल्या एका कचेरीत संगणकांची देखभाल करीत. लॅमिंग्टन रोडवरून केबल घेऊन परतताना मी त्यांच्याकडे डोकावलो आणि रडगाणे गायलो.

"हे आम्ही नोव्हेलवर रोज करायचो," ते म्हणाले. "बिनडिस्कची यंत्रं. डॉसजेन चालवायचं, फ्लॉपीची इमेज सर्व्हरवर जायची. डॉस पाच आलं आणि सगळी यंत्रं पडायला लागली. का, सांग?"

"काका, मला कसं माहीत असणार?"

"अरे, नेटवर्कवरून चालू करणारा प्रोग्राम खोलीत आधीच वर एका कोपऱ्यात बसलेला असतो. डॉसला वाटतं खोली रिकामी. ते आपलं सामान त्याच्या डोक्यावर टाकतं. मग नोव्हेलने इमेज दुरुस्त करायला वेगळा प्रोग्राम दिला. तू ड्रायव्हर-ड्रायव्हर काय करतोयस? फ्लॉपीवरून चालू करताना खोली रिकामी असते. नेटवर्कवरून चालू करताना तुझ्या आधी कुणीतरी येऊन राहिलेलं असतं. आधी कोण राहतंय ते बघ, मग सामान टाक."

त्यांनी दुसरे सांगितले ते असे : डॉस सुरू होतानाची ओळ दिसली की एफ-८ दाब; मग ते प्रत्येक ओळीला विचारून पुढे जाते. आणि थिजण्याआधी पडद्यावर जे येते ते वाच. आम्ही इतके दिवस थिजलेली ओळ पाहत होतो, तिच्या वरची वाचली नव्हती. कवितेचे विद्यार्थी म्हणवणाऱ्यांना हे शोभले नाही.

वरच्या ओळीत हायमेम स्वच्छ इशारा देत होता : ए-२० आधीच उघडे आहे. अर्थातच. फ्लॉपीची नक्कल एक एमबीच्या पलीकडे नेऊन ठेवायची, तर मेमडिस्कला दार उघडावेच लागते. आणि त्याने ते उघडेच ठेवले होते. हायमेम येतो, दार आपल्या ताब्यात घेतो आणि जुन्या रीतीने, कळफलकाच्या चिपमार्फत, ते हलवू पाहतो. आमचे कळफलक यूएसबीचे. त्या यंत्रांत ती चिप म्हणजे बायोसने घेतलेले सोंग. एका यंत्राला जुना गोल पिनचा कळफलक लावून पाहिला, तर ते हायमेमची ओळ ओलांडून गेले. शंका फिटली. आठ जुने कळफलक आमच्याकडे नव्हते, पण त्यांची गरजही नव्हती. हायमेमला अशी आज्ञा देता येते, की दार आधीच उघडे असेल तर त्याला हात लावू नकोस. ती आज्ञा, ए-२०-कंट्रोल ऑफ, त्या ओळीच्या शेवटी जोडली. डॉस पडवीत गेले. खाली ४८७ केबी मोकळी झाली.

तेहतीस केबी अजून कमी होती. ती पोटमाळ्यावरून काढायची, म्हणजे ईएमएम-३८६ हवा. तो घातला आणि यंत्रे पुन्हा थिजली. पण या वेळी दुसऱ्या ठिकाणी, आणि तेही ड्रायव्हर नीट बसल्यानंतर, फ्लॉपीवरून पुढची ओळ वाचताना. आता आम्ही शहाणे झालो होतो. फ्लॉपी कोण? मेमडिस्क. तो वाचन कसे करतो? दरवेळी प्रोसेसरची रीत क्षणभर बदलून, वरच्या मेमरीत जाऊन, हवा तो तुकडा खाली आणून. आणि ईएमएम-३८६ काय करतो? प्रोसेसर स्वतःच्या ताब्यात घेतो, आणि बाकीच्यांना एका आभासी जुन्या यंत्रात ठेवतो; तिथे प्रोसेसरची रीत बदलण्याची कुणाला मुभाच नाही. घराला नवा मालक आला आणि जुना भाडेकरू आपल्या किल्लीने कपाट उघडायला गेला. मेमडिस्कला वाचनाची रीत सांगण्याची सोय आहे. आम्ही कुठूनसा उतरवून घेतलेल्या नमुन्यात 'रॉ' असा शब्द होता, म्हणजे थेट हात घालण्याची रीत. तिथे 'सेफइंट' लिहिले, म्हणजे बायोसच्या सेवेमार्फत मागून घेण्याची रीत. सर्व्हरवरच्या फाइलमधला एक शब्द बदलला आणि यंत्रे चालू लागली. पाळ्यांची खिडकी आमच्या प्रोग्रामला नको होती, म्हणून ती ६४ केबीही 'नोईएमएस' लिहून पोटमाळ्याला जोडून घेतली.

एवढ्यावर भागले असते. पण नेटवर्क कार्डे दोन तऱ्हेची निघाली, चार यंत्रांत एक आणि चारांत दुसरे. एकाच इमेजवर भागवावे म्हणून आम्ही कुठल्याही कार्डाला चालणारा सामाईक ड्रायव्हर घेतला होता. तो स्वतः काही करीत नाही; कार्डावरच्या पीएक्सईलाच काम सांगतो. त्यामुळे पीएक्सईला मेमरीतून जाऊ देता येत नाही, आणि तो बसतो तो ६४० च्या वरच्या टोकाला, आपल्याच जमिनीवर. त्यातून ईएमएम-३८६ असला की त्याचे आणि पीएक्सईचे पटेनाच. फाइल जतन करताना मध्येच यंत्र गप्प होई. हा घोळ मी सोडवला असे म्हणवत नाही. मी तो टाळला. सामाईक ड्रायव्हर काढला, दोन कार्डांचे त्यांचे त्यांचे ड्रायव्हर घातले, इमेज दोन केल्या, आणि कोणत्या कार्डाला कोणती इमेज द्यायची ते सर्व्हरला सांगून ठेवले. पीएक्सई आपले काम संपवून बाहेर पडू लागला. काकांच्या काळातल्या काही कार्डांची स्वतःची मेमरी पोटमाळ्याच्या मधोमध येई, आणि तो पट्टा ईएमएम-३८६ ला वगळायला सांगावा लागे. आमच्या कार्डांना ती गरज पडली नाही. पण आपली कार्डे जुनी असतील, तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

ओळींचा क्रमही महत्त्वाचा. आधी हायमेम, मग ईएमएम-३८६, मग डॉसला पडवी आणि पोटमाळा दोन्ही वापरण्याची आज्ञा, आणि त्यानंतरच नेटवर्कचे ड्रायव्हर, ते 'डिव्हाइसहाय' म्हणून. दार उघडल्याशिवाय माळा नाही आणि माळा बांधल्याशिवाय ट्रंक वर जात नाही. शेवटी 'मेम' ही आज्ञा देऊन पाहिले, तर ५७१ केबी मोकळी. शब्दलेखनाचा प्रोग्राम उघडला आणि पडद्यावर मराठी आले, ते जॉबरच्या मुलाखतीचे तिसरे पान होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पंधरा जण दोन पाळ्यांत बसलो. सत्तेचाळीसपैकी चव्वेचाळीस मुलाखती बाहेर आल्या. उरलेल्या तिघींच्या फाइली जुन्या यंत्राच्या डिस्कवर आधीच खराब झालेल्या होत्या. त्यांच्या नशिबी मेमरीचा प्रश्न आलाच नाही. तिघींपैकी दोघी साच्यावर नव्हे तर खानावळी चालविणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांच्या कॅसेटीही बुरशीत गेल्या. एकीची हस्तलिखित टिपणे, सात पाने, एवढीच उरली आहेत.

ती आठ यंत्रे आता नाहीत. आजच्या बहुतेक नव्या यंत्रांत जुन्या धर्तीचा बायोसच राहिलेला नसल्याने डॉसची इमेज त्यांवर थेट चालत नाही. त्याऐवजी डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रामच्या पोटात जुने यंत्र उभे करता येते. तो वरची मेमरी स्वतःच पुरवतो, त्यामुळे हायमेमही लागत नाही आणि ईएमएम-३८६ ही नाही. आमच्या दोन्ही इमेज आणि तो शब्दलेखन-प्रोग्राम विभागाच्या कपाटात सीडीवर आहेत. सीडीच्या पाकिटावर काकांचे वाक्य मी पेन्सिलीने लिहून ठेवले होते. ते आता पुसट झाले आहे, पण वाचता येते.